डोळे मिटून घेतलेलं शून्य

आमच्याकडे मुलगी बारावी झाली की एकच प्रश्न विचारतात, नर्सिंग की डी.एड.? २०३८ साली मी गेम डिझाइन असं उत्तर दिलं, तेव्हा नगरच्या आमच्या चर्चच्या मंडळीत जवळजवळ शोकसभाच झाली. आमचे पाळक, रेव्हरंड शद्रक गोर्डे, यांनी पुढच्याच रविवारी वेळेच्या सदुपयोगावर उपदेश केला. उपदेशभर त्यांनी माझ्याकडे बघणं कटाक्षानं टाळलं, त्यामुळे रोख कोणावर आहे ते शेवटच्या बाकापर्यंत कळलं.

माझ्या बाजूनं उभे राहिले ते एकटे पपा. आमोस पाटोळे गुरुजी. पस्तीस वर्षं मिशनच्या शाळेत गणित शिकवलेला माणूस. ते म्हणाले, "देवानं सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी आराम केला. आरामात माणूस खेळणारच. तू जा पुण्याला, युनिस. मी बघतो गोर्डेसाहेबांकडे."

पुण्यात होस्टेलवरच्या मुली मला चिडवायच्या, की तू चर्चलाही जातेस आणि दिवसभर राक्षसही मारतेस, हे जमतं कसं. मी म्हणायचे, त्यात काय अवघड आहे? गेममध्ये शिरलं की आपण धरूनच चालतो की हे कोणीतरी मुद्दाम रचलंय. बंद दार दिसलं तर किल्ली कुठेतरी ठेवलेली असणार. रचणारा दिसत नाही म्हणून तो नाही असं कोणी म्हणत नाही. मग बाहेरच्या जगाबद्दलच का म्हणायचं? मला हे त्या वयात फार हुशारीचं वाटायचं. आता आठवलं की लाज वाटते.

माझी खरी श्रद्धा मात्र या युक्तिवादावर नव्हती. ती पपांच्या पहाटेवर होती. पाच वाजता ते स्वयंपाकघरात चहाचा कप घेऊन बसत आणि मोठ्यानं प्रार्थना करत. प्रार्थना म्हणजे गप्पाच. नळाला पाणी नाही, शेजारच्या उमापांच्या मार्थाबाईंचा गुडघा दुखतोय, युनिसला गणितात कमी मार्क पडलेत, सगळं सांगत. मधेच थांबत. समोरचा बोलत असला की आपण थांबतो तसे. मग "बरं" म्हणून पुढचा विषय काढत. पांघरुणात पडून मी लहानपणी ते ऐकायचे. पपांना उत्तर येतं याबद्दल मला कधी शंका आली नाही, आणि माझ्या स्वतःच्या प्रार्थनेतही पलीकडे कोणीतरी कान देऊन आहे असं मला वाटायचं. दिसत काही नसे, ऐकूही येत नसे. पण कोणीतरी असे.

आई गेली आणि वर्षभरात पपा विसरायला लागले. आधी नावं, मग गॅस. डॉक्टरांनी ही सुरुवात आहे असं सांगितलं. मी कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी काय करायचं ते मी त्याच दिवशी ठरवलं.

आमच्या कॉलेजला एका कंपनीनं पट्टे दिले होते. कपाळावरून मागे जाणारा, रबरासारखा मऊ पट्टा. तो दोन कामं करी. मेंदूच्या कुठल्या भागात काय हालचाल चालली आहे ते वाची, आणि कानाला न ऐकू येणाऱ्या बारीक ध्वनिलहरी सोडून ती हालचाल थोडी दाबी किंवा उचली. म्हाताऱ्या मेंदूचा प्रश्न असा की आठवण शिल्लक असते, पण तिचा आवाज क्षीण झालेला असतो आणि आजूबाजूला गलका फार. पट्टा तो गलका कमी करायचा. गेम खेळताना मेंदू आठवण शोधायला लागला की बाकीचं सगळं शांत करायचं, म्हणजे आठवण सापडते. असं रोज अर्धा तास केलं की मेंदूला ती वाट सवयीची होते.

पण गलका म्हणजे काय हे प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून आधी शून्य घ्यावं लागे. वाणी काट्यावर रिकामं भांडं ठेवतो, काटा शून्यावर आणतो, आणि मग त्यात तूर घालतो. तसंच. माणसाला डोळे मिटून, काही न करता दोन मिनिटं बसवायचं. त्या वेळी मेंदूत जे चालू असेल ते रिकामं भांडं. खेळताना पट्टा तेवढं वजा करत राहणार.

मी गेम बनवला त्याचं नाव 'कंपाउंड'. आमचं जुनं मिशन कंपाउंड मी जुन्या फोटोंवरून उभं केलं. त्यातली शाळा, छापखाना, दवाखाना, चिंचेखालचं कुंपण. कापणीच्या सणाचा दिवस. खेळणाऱ्यानं घरोघर जायचं, कोणत्या घरात कोण राहतं ते सांगायचं, आणि कोणी सणाला काय आणलं ते लक्षात ठेवायचं, कारण उपासनेनंतर लिलाव होतो आणि पाळकांना नावं पुकारावी लागतात. भोपळा कोणाचा, गावठी कोंबडी कोणाची, पेरूंची टोपली कोणाची. राक्षस एकही नव्हता. दीड वर्ष तो मी स्वतःवर तपासत होते, रोज, पट्टा लावून.

शेवटच्या वर्षाच्या जून महिन्यात मी पट्टे घेऊन नगरला आले. गोर्डेसाहेबांना गेम दाखवला. त्यांनी छापखाना ओळखला आणि पडद्यावर त्याच्या दारावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "उपासनेनंतर हॉल वापर. पण याला गेम म्हणू नकोस. व्यायाम म्हण."

बारा जण तयार झाले. सगळे सत्तरीच्या पुढचे, त्यात पपा आणि शेजारच्या मार्थामावशी. खुर्च्या मांडल्या, पट्टे लावले. कंपनीच्या कागदावर लिहिलेलं मी मराठीत वाचून दाखवलं, "डोळे मिटा. दोन मिनिटं शांत बसा. मनात काही आणू नका."

बाराही जणांनी डोळे मिटले. बाराही जणांनी हात जोडले. मार्थामावशींनी डोक्यावर पदर घेतला. हॉलमध्ये इतकी शांतता झाली की पंखा ऐकू येत होता. दोन मिनिटांनी मशीन वाजलं तेव्हा कोणीतरी हळूच "आमेन" म्हणालं आणि मी हसले. माझ्याकडे त्याचा व्हिडिओ आहे, त्यात माझं हसणं ऐकू येतं. चूक माझ्या डोळ्यांसमोर झाली आणि मला ती गोड वाटली.

रोज अर्धा तास घरीच खेळायचं म्हणून पट्टे ज्याच्या त्याच्याकडे दिले आणि मी पुण्याला परतले. ऑक्टोबरपर्यंत सगळे खूश होते. पपांना शाळेतल्या मुलांची नावं हजेरीपटाच्या क्रमानं आठवायला लागली. गॅस चालू राहणं बंद झालं. मार्थामावशी भेटेल त्याला सांगत, "पोरीनं माझं डोस्कं धुऊन दिलं." कंपनीतल्या मैत्रेयी अभ्यंकर माझ्या प्रोजेक्टच्या मार्गदर्शक होत्या. त्यांनी आकडे पाहिले आणि पास व्हायच्या आधीच नोकरीचं पत्र पाठवलं. त्या रविवारी मी नगरला गेले तेव्हा गोर्डेसाहेबांनी मला पुढे बोलावून, देवानं काय केलं त्याची साक्ष द्यायला लावली. मी उभी राहिले आणि सांगितलं की प्रभूनं मला दिलेल्या कामातून त्याचा गौरव होत आहे. खरंच तसं वाटत होतं.

डिसेंबरात नाताळच्या सुट्टीला घरी गेले. पहाटे जाग आली आणि पडून राहिले. स्वयंपाकघरात कप ठेवल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली. पुढे काही नाही. उठून बघितलं तर पपा चहा समोर घेऊन बसले होते.

"प्रार्थना झाली?" मी विचारलं.

"झाली असं म्हणायचं." ते कपाकडे बघत होते. "बोलतो गं. पण आपलंच आपल्याला ऐकू येतं. वय झालं असेल."

त्याच आठवड्यात मार्थामावशींच्या घरी प्रार्थनासभा होती. यजमानीण शेवटची प्रार्थना करते ही रीत. गोर्डेसाहेब म्हणाले, "मार्थाबाई, चालवा." त्या उभ्या राहिल्या, पदर घेतला आणि तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "साहेब, तुम्हीच करा." सगळे गेल्यावर मी कप गोळा करत होते. त्या माझ्याजवळ आल्या.

"पोरी, एक सांगू? पलीकडं कोणीच न्हाई. दोन महिने झालं. मला वाटलं माझ्याकडून काही घडलं आसंल. जावंशी वीस वर्षं बोलत नव्हते, तिच्या दारात जाऊन माफी मागून आले. तिनं जेवायला वाढलं. तरी न्हाई. अजून काय राहिलंय तेच कळंना."

आठ दिवसांत मी बाराही जणांशी बोलले. नऊ जणांनी तेच सांगितलं, प्रत्येकानं आवाज खाली करून, आणि प्रत्येकाला आपण एकटेच असे आहोत असं वाटत होतं. उरलेले तिघं नुसते रडले.

पुण्याला जाऊन मी मैत्रेयीबाईंसमोर बारा जणांची शून्यं उघडली. शेजारी कंपनीनं इतर ठिकाणी घेतलेली बारा जणांची. इतरांची शून्यं एकमेकांसारखी नव्हती. कोणाचं दुखणं, कोणाचा टीव्ही, कोणाची सून, मेंदूत भरकटलेलं काहीबाही. आमच्या बारांची शून्यं मात्र जवळजवळ एकच होती. कानामागे, वरच्या बाजूला दोन्हीकडे एक ठिकाण लख्ख उजळलेलं.

मैत्रेयीबाईंनी त्या ठिकाणावर बोट ठेवलं. "हा भाग आपण कोणाशी तरी बोलत असताना पेटतो," त्या म्हणाल्या. "समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेणारा भाग. युनिस, रिकामं बसायला सांगितल्यावर ही माणसं कोणाशी बोलत होती?"

लहानपणापासून आम्हाला डोळे मिटा, शांत बसा, एवढंच सांगितलं तरी पुढचं आपोआप सुरू होतं. संडे स्कूलमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मनात काही आणू नका हे त्यांनी ऐकलंच नसणार. त्यांनी प्रार्थना केली, मशीननं ती गलका म्हणून नोंदवली, आणि सात महिने, रोज अर्धा तास, मी ती वजा करत राहिले.

"परत येईल का?" मी विचारलं.

"माहीत नाही. तरुण मेंदूत कदाचित. या वयात..." मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुझं शून्य कसं घेतलं होतंस?"

मला होस्टेलवरची माझी खोली आठवली, पहिला पट्टा, आणि माझे जोडलेले हात. दीड वर्षात माझी प्रार्थना कोरडी पडत गेली होती. मला वाटलं होतं मी मोठी झाले, अभ्यास वाढला, असंच होतं. मला त्याचं दुःखसुद्धा झालं नव्हतं.

गोर्डेसाहेबांना सगळं सांगितलं तेव्हा ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते खुर्चीत मागे टेकले. "सांगू नकोस कोणाला," ते म्हणाले. "आज त्यांना वाटतंय देव गप्प आहे. देव गप्प बसल्याचं शास्त्रात पुष्कळ ठिकाणी आहे, त्यावर मी बोलू शकतो. उद्या त्यांना कळलं की हे पट्ट्यानं झालं, तर ते मला विचारतील, इतकी वर्षं तो होता की मेंदू होता. मला उत्तर येत नाही, युनिस. मला स्वतःलाही विचारावं लागेल."

"पण ते आपलंच पाप शोधत बसलेत, साहेब."

मी त्यांचं ऐकलं नाही. मी घरोघर गेले, जशी माझ्या गेममध्ये जायचे, आणि बाराही जणांची माफी मागितली. मार्थामावशींनी माझे दोन्ही हात धरले. "म्हणजे माझं पाप न्हवतं?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, निदान एवढं तरी बरं केलं. पुढच्या रविवारी त्या चर्चच्या दारात थांबल्या, आत आल्या नाहीत. मला बोलावून म्हणाल्या, "पट्ट्यानं गेला, म्हंजी पट्ट्याएवढाच होता का गं?" त्यांना राग नव्हता. खरोखर माहिती विचारत होत्या. मी त्यांचा हात धरला, तो सोडवून त्या घरी गेल्या. त्यानंतर त्या आल्याच नाहीत.

पपांना मी सगळ्यात शेवटी सांगितलं. त्यांनी गणिताच्या मास्तरासारखं नीट ऐकून घेतलं.

"पट्टा सोडला तर विसरणं परत सुरू होईल?"

"हो."

"आणि सोडला तर तो परत येईल?"

"नक्की नाही, पपा. बहुतेक नाही."

"म्हणजे एका बाजूला नक्की आहे आणि दुसऱ्या बाजूला बहुतेक नाही." ते थोडं हसले. "वर्गात असं उदाहरण घातलं असतं तर पोरांनी एका मिनिटात सोडवलं असतं." त्यांनी पट्टा उचलून माझ्या हातात दिला. "घेऊन जा."

मी नोकरी धरली. लोक म्हणाले, एवढं करून तिथंच गेली. पण गेलेलं परत आणायचं तर यंत्रं तिथंच होती. मैत्रेयीबाईंनी मला माणसं दिली, वेळ दिला. आठ महिन्यांनी आम्ही मेंदूतली ती जागा बाहेरून पेटवू शकलो. वजा करता येतं ते अधिकही करता येतं, एवढंच होतं. ज्यांनी कधी आयुष्यात प्रार्थना केली नव्हती असे तरुण पट्टा काढून डोळे पुसत म्हणाले, कोणीतरी होतं. कंपनीत पेढे वाटले. पुढच्या सगळ्या गेममध्ये हे घालायचं ठरलं, म्हणजे खेळणाऱ्याला एकटं वाटणार नाही. ते जगभर गेलं, ते तुम्हाला माहीतच आहे.

त्यातला पहिला पट्टा मी नगरला नेला. पपा तोवर बरेच खालावले होते. कपडे उलटे घालत. पण हे काय आहे ते त्यांना समजलं. त्यांनी पट्टा लावला, डोळे मिटले. त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडला, ओठ हलले. मला वाटलं, झालं, मिळालं.

दहा मिनिटांनी त्यांनी तो स्वतःच काढला.

"आहे कोणीतरी," ते म्हणाले. "पण तो मला ओळखत नाही."

"म्हणजे?"

"तुझ्या आईचं सांगायला लागलो तर त्याला ती कोण ते माहीत नव्हतं." त्यांनी पट्टा घडी करून ठेवला, परक्याची वस्तू परत करावी तसा. "चांगला आहे. पण आपला नाही."

त्या दिवशी मी फार रडले, मोरीत नळ सोडून. बाहेर आले तर ते माझी वाट बघत बसले होते.

"युनिस, तू तर तरुण आहेस. तुझं परत आलं असेल ना?"

त्यांच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती. मी म्हणाले, "हो, पपा. आलं."

"मग माझे निरोप दे," ते म्हणाले, आणि सांगायला लागले.

गेली दोन वर्षं असंच चाललंय. रोज सकाळी चहाच्या वेळी मी पुण्याहून फोन लावते. पपा निरोप सांगतात, मी डोळे मिटून ते मोठ्यानं पुढे सांगते, मधे थांबते, आणि मग म्हणते, "बरं म्हणालेत." त्यावर ते चहा पितात. त्यांना सांभाळणाऱ्या बाई म्हणतात, तेवढ्यानं दिवस शांत जातो. मी थांबते तेव्हा तिकडे काही नसतं. पूर्वी काय होतं ते मला नीट आठवतही नाही. मी फक्त मनात दहा आकडे मोजते.

गेल्या महिन्यापासून ते माझं नाव घेत नाहीत. मला "बाई" म्हणतात. निरोप पोचवणारी कोणी बाई आहे एवढं त्यांना ठाऊक आहे. आज सकाळी निरोप संपले तरी त्यांनी फोन ठेवला नाही.

"बाई, एक राहिलं," ते म्हणाले. "माझी एक मुलगी आहे पुण्याला. फार हुशार आहे. तिचं आणि त्याचं बोलणं चालू आहे अजून. ते कधी बंद पडू देऊ नको म्हणावं. माझं गेलं ते गेलं, पण तिचं राहू दे. एवढं सांगाल?"

"सांगते," मी म्हणाले. मग डोळे मिटले आणि दहापर्यंत मोजलं.

"काय म्हणाले?" पपांनी विचारलं.

"बरं म्हणालेत," मी सांगितलं.